पोलिओच्या आरएनएला कॅपच नाही, मग रायबोसोम बसतो कुठे?

प्रश्न – एमएस्सी_पहिलं_वर्ष
काल तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी हेच विचारलं. मी घडाघडा म्हणून मोकळा: रायबोसोम (आरएनए वाचून प्रोटीन बनवणारं यंत्र) ५' टोकाची, म्हणजे सुरुवातीची, कॅप (रासायनिक टोपी) धरतो, तिथून सरकत पहिल्या एयूजीवर (प्रोटीन सुरू करायच्या खुणेवर)... "अरे, कॅप नाही म्हणतोय ना मी!" पुढे बोलतीच बंद. 'आयरेस' हा शब्द तेवढा माहीत आहे. तो नेमकं करतो काय?

उत्तर – जुनी_लॅबवाली
पाठांतर चुकीचं नाही रे, ते आपल्या पेशीच्या एमआरएनएचं (प्रोटीनचा निरोप नेणाऱ्या आरएनएचं) आहे. तिथे ईआयएफ४जी नावाचं प्रोटीन हा मुकादम. एका हाताला ईआयएफ४ई हे दुसरं प्रोटीन, ते कॅप धरतं; दुसऱ्या हाताने तो रायबोसोमचा लहान भाग ओढून आणतो.

पोलिओच्या ५' टोकाला कॅपऐवजी व्हीपीजी नावाचं चिमुकलं प्रोटीन असतं, तेही पेशीत शिरल्यावर कापलं जातं. खरं एयूजी ७४३व्या अक्षरावर, आणि त्याआधी वाटेत कितीतरी फसवे एयूजी. टोकापासून सरकत निघालेला रायबोसोम त्यातच अडकला असता. म्हणून आरएनए स्वतःच घड्या घालून मुकादमाला मध्येच, पाचव्या घडीपाशी बसवून घेतो. हाच आयरेस, म्हणजे रायबोसोमला मधूनच आत घेणारी जागा.

खरा डाव पुढे आहे. विषाणूचं २ए प्रोटीएझ (प्रोटीन कापणारं एन्झाइम) मुकादमाचा कॅपकडचा हात तोडतं. पेशीचं बरंचसं काम ठप्प, आणि उरलेला तुकडा विषाणूला पुरतो!

१९८८ साली पेलेटियर आणि सोननबर्ग यांनी एकाच एमआरएनएवर दोन जीन ठेवून मधे पोलिओचा हा भाग घातला. एरवी पहिल्याचंच बनतं, इथे दुसऱ्या जीनचंही प्रोटीन बनलं. टोकाशिवाय चालतं हे असं कळलं.

एमएस्सी_पहिलं_वर्ष
ताई, आत्ता डोक्यात शिरलं. पण एवढंच लागत असेल तर कुठल्याही पेशीच्या अर्कात चालायला हवं ना?

जुनी_लॅबवाली
मलाही तसंच वाटलं होतं! सशाच्या रेटिक्युलोसाइट लायसेटमध्ये (कोवळ्या लाल रक्तपेशींच्या अर्कात) पोलिओचा आरएनए टाकला. बनलेली प्रोटीनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी फिल्म धुतली तर हव्या त्या पट्ट्या फिक्या आणि नको तिथे भलत्याच. आठवडाभर आरएनएलाच दोष देत बसले, तीनदा नव्याने बनवला. शेवटी एका सीनियरने त्यात थोडा हेला या माणसाच्या पेशींचा अर्क घालायला लावला, आणि पट्ट्या जागेवर. आयरेसला पेशीचीच आणखी काही प्रोटीनं लागतात, ती त्या लायसेटमध्ये पुरेशी नसतात. ईएमसीव्ही या दुसऱ्या विषाणूचा आयरेस मात्र तिथे मजेत चालतो. त्यामुळे 'आयरेस म्हणजे आयरेस' असं सरसकट लिहू नकोस पेपरात.

गप्प_वाचक
घडीतलं एखादंच अक्षर बदललं तर?

जुनी_लॅबवाली
फरक पडतो, आणि तो आपण लहानपणी जिभेवर घेतलाय. सेबिनच्या तोंडी लशीतल्या टाइप ३ विषाणूत, याच पाचव्या घडीत, ४७२व्या जागी सी ऐवजी यू आहे. घडी सैल पडते, ट्रान्सलेशन (प्रोटीन बनणं) मंदावतं, विषाणू दुबळा राहतो. गंमत अशी की थेंब घेतलेल्या बाळाच्या आतड्यात काही दिवसांतच त्या यूचा परत सी होतो.