मदत हवी आहे: कॉलेजच्या जुन्या कार्यक्रमांचे अहवाल कसे तयार करायचे? (अर्जंट)

कोरा_फळा
नमस्कार, अर्जंट आहे म्हणून सरळ विचारते. कॉमर्स आणि सोशल सायन्सच्या सगळ्या विभागांच्या बातम्या, कार्यक्रम एकत्र करून अहवाल द्यायचेत आणि ते काम माझ्या गळ्यात पडलंय. फोटो ढिगाने आहेत पण कुठला फोटो कुठल्या कार्यक्रमाचा काही कळत नाही, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, समोर बसलेली पोरं, सगळे सारखेच. सोमवारपर्यंत द्यायचंय. कोणाकडे फॉरमॅट असेल तर प्लीज टाका.

खडू_डस्टर
कसले अहवाल? कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी, विद्यापीठासाठी की नॅकसाठी (कॉलेजांना ग्रेड देणारी संस्था)? तिन्हीकडे वेगवेगळं मागतात.

कोरा_फळा
नॅकच हो, अजून कशाला कोण एवढी घाई करतंय.

खडू_डस्टर
मग तसं लिहा ना बाई. एक्यूएआर की एसएसआर? एक्यूएआर म्हणजे वार्षिक गुणवत्ता अहवाल, एका शैक्षणिक वर्षाचं काम; एसएसआर म्हणजे स्वयंमूल्यांकन अहवाल, तो असेल तर पाच वर्षांचा डेटा. आणि सोमवार म्हणजे पोर्टलवर अपलोड करायचा सोमवार की फक्त आयक्यूएसी (कॉलेजचा गुणवत्ता कक्ष) कोऑर्डिनेटरला द्यायचा?

टेक_तात्या
एवढं कशाला डोकं लावता, चॅटजीपीटीला विषय, तारीख, पाहुण्यांचं नाव द्या, दोन मिनिटांत अहवाल. आमच्या ऑफिसात सगळे तेच करतात.

कोरा_फळा
तात्या, विषय, तारीख आणि पाहुण्यांचं नाव हेच तर माझ्याकडे नाहीये.
@खडू_डस्टर एसएसआर. द्यायचं कोऑर्डिनेटर सरांनाच.

बिनधास्त_बाबू
फोटोवर जीपीएसचा शिक्का मारणारी ॲप्स आहेत त्यात तारीख आणि ठिकाण हाताने टाकता येतं. जिओटॅग्ड फोटो झाले तयार. आमच्याकडे नॅकचा अख्खा क्रायटेरियन (निकष) असाच भरला, कोणी काही विचारलं नाही.

मीनाताई_नगर
असले सल्ले देऊ नका हो. डीव्हीव्हीवाले, म्हणजे नॅकसाठी डेटा तपासणारे, क्लॅरिफिकेशन मागतात तेव्हा हजेरीपत्रक, नोटीस, फोटो सगळं एकमेकांशी जुळावं लागतं, आणि फोटोत बॅनरवर एक तारीख, शिक्क्यात दुसरी असं निघालं की सही करणारे प्राचार्य बाजूला आणि टाइप करणारी पुढे. @कोरा_फळा तुम्ही पर्मनंट आहात की सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर?

कोरा_फळा
सीएचबी.

मीनाताई_नगर
वाटलंच मला. मग तर अजिबात नको.

बिनधास्त_बाबू
ताई, सगळं खरं भरलं तर निम्म्या कॉलेजांना ग्रेडच मिळणार नाही. जरा प्रॅक्टिकल व्हा.

मीनाताई_नगर
नाही मिळाली तर नाही मिळाली. उद्या ही पोरगी मुलाखतीला जाणार आहे अजून, तिच्या नावावर हे कशाला.

जुना_पुणेकर
आमच्या वेळी कार्यक्रम म्हणजे भाषण असायचं, आता फोटोच कार्यक्रम झालाय. गोखले इन्स्टिट्यूटच्या काळे स्मारक व्याख्यानात डॉ. आंबेडकर बोलले २९ जानेवारी १९३९ ला, फेडरेशन व्हर्सेस फ्रीडम या विषयावर. संस्था तेव्हा नऊ वर्षांचीही नव्हती, १९३० ची. ते भाषण त्याच वर्षी छापून निघालं म्हणून आज एम.ए.ची पोरं वाचतात. दीपप्रज्वलन कोणी केलं ते कोणाला माहितीये? तर माझं म्हणणं, वक्त्यांकडून भाषणाचं दोन पानी टिपण मागवा, तोच खरा अहवाल.

टेक_तात्या
काका, सोमवार आहे सोमवार.

जुना_पुणेकर
सोमवार दर आठवड्याला येतो. बाबासाहेब त्याआधी १९१८ पासून मुंबईत सिडनहॅमला अर्थशास्त्र शिकवत होते, म्हणजे कॉमर्स कॉलेजात. कॉमर्सवाल्यांनी नुसते फेस्ट आणि फूड स्टॉल करावेत असं कुठे लिहिलेलं नाही.

बीकॉम_पास
फूड स्टॉलला नावं ठेवू नका, आमची पोरं त्यात हिशेब शिकतात, तोटा झाला की कळतो खरा ताळेबंद.

आई_आणि_ऑफिस
विषय निघालाच आहे तर, माझ्या भाचीला बीबीए करायचंय, त्याला सीईटी लागते का? कॉलेजात विचारलं तर नीट सांगत नाहीत.

खडू_डस्टर
लागते, २०२४ पासून, बीबीए-बीएमएस-बीसीए एआयसीटीईखाली (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) गेले तेव्हापासून. काही कॉलेजांनी मग कोर्सचं नाव बदलून बीकॉम मॅनेजमेंट स्टडीज असं केलं, त्याला सीईटी नाही. कोर्सचं नेमकं नाव बघा आणि आता नवीन धागा काढा.

@कोरा_फळा आता तुमचं. फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवरून उतरवलेत का? तसं असेल तर त्यात लोकेशन, वेळ काही उरत नाही, व्हॉट्सॲप काढून टाकतं. ज्यांनी काढले त्यांच्याकडून मूळ फोटो मागा, आणि व्हॉट्सॲपवरच पाठवणार असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. फोटो ग्रुपवर ज्या दिवशी आला ती तारीख तर दिसतेच, निदान आठवडा कळेल. मग ऑफिसात बसा. अकाउंट सेक्शनला पाहुण्यांच्या मानधनाची आणि प्रवासखर्चाची व्हाउचर असतात, त्यावर नाव, तारीख, सही तिन्ही. जावक रजिस्टरला निमंत्रणाची आणि आभाराची पत्रं सापडतील. प्राचार्यांची नोटीस वही बघा. ग्रंथालयात कात्रणांची फाइल असते बहुतेक ठिकाणी, लोकल पेपरला पाठवलेली बातमी म्हणजे अर्धा अहवाल तयार असतो.

मीनाताई_नगर
आणि दिनविशेष आधी उरकून घ्या. संविधान दिन २६ नोव्हेंबर, मतदार दिन २५ जानेवारी, ग्राहक दिन २४ डिसेंबर, मराठी भाषा गौरव दिन २७ फेब्रुवारी, बजेटवरची चर्चा १ फेब्रुवारीच्या पुढच्या दोन-चार दिवसांत. राज्यशास्त्र, कॉमर्स, मराठी, अर्थशास्त्र सगळ्यांचं काहीतरी निघतंच यातून. पण बॅनरवरची तारीख बघूनच लिहा, आमच्याकडे प्राचार्य बाहेरगावी म्हणून ग्राहक दिन जानेवारीत झाला होता.

बिनधास्त_बाबू
म्हणजे तुमच्याकडेही प्रॅक्टिकल होतात की लोक.

मीनाताई_नगर
उशिरा केला, पण केला तरी. खोटा नाही दाखवला.

कोरा_फळा
@खडू_डस्टर खूप खूप धन्यवाद, आज अकाउंटच्या काकांकडे बसले, व्हाउचरवरून बरंच लागलं. पण समाजशास्त्राचं काहीच नाही, गावसर्वेक्षण आणि वृद्धाश्रम भेट दोन्हीला मानधन नव्हतं आणि त्या मॅडम रिटायर झाल्यात, फोटो त्यांच्याच फोनमध्ये.

खडू_डस्टर
रिटायर झाल्यात ना, फोन करा की. आणि सर्वेक्षणाला गाडी केली असेल तर गाडीचं बिल असेल, सहलीचं परवानगीपत्र असेल, पोरांकडून भरून घेतलेले पालकांचे संमतीपत्र असतील. एनएसएसबरोबर गेले होते का? सात दिवसांचं शिबिर असेल तर त्याचा वेगळा अहवाल विद्यापीठाला गेलेला असतो, त्याची कॉपी प्रोग्रॅम ऑफिसरकडे.

कोरा_फळा
एनएसएसबरोबरच गेले होते! हे आधी कोणी सांगितलंच नाही मला. पण मग हा कार्यक्रम समाजशास्त्राचा धरायचा की एनएसएसचा? दोघेही म्हणतायत आमचा.

मीनाताई_नगर
एकदाच दाखवा, "संयुक्त विद्यमाने" लिहून. दोन ठिकाणी आकडा धरला तर तेच पहिलं पकडतात.