चाइल्ड बेनिफिट नवऱ्याच्या नावावर, माझी पेन्शनची वर्षं कोरी

वरदा_लेस्टर:
नमस्कार. काल रात्री लेक झोपल्यावर एचएमआरसीच्या, म्हणजे इथल्या ब्रिटनच्या कर खात्याच्या, ॲपमध्ये माझं नॅशनल इन्शुरन्सचं (ज्यावर सरकारी पेन्शन ठरते त्या हप्त्यांचं) रेकॉर्ड पहिल्यांदाच उघडलं. २०२०-२१ ते २०२४-२५, पाचही वर्षं अपूर्ण! २०१९ च्या ऑक्टोबरात लेक झाली, नोकरी सोडली, तेव्हापासून घरीच होते. गेल्या सप्टेंबरपासून शाळेत जेवणाच्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवते, आठवड्याला ९० पौंड. शनिवार-रविवार किराणा दुकानात गल्ल्यावर बसते, तिथले ८५. चाइल्ड बेनिफिट, म्हणजे मुलांसाठीचा सरकारी भत्ता, पहिल्यापासून चालू आहे. मग त्यासोबत मिळणारी क्रेडिट, म्हणजे हप्ता न भरता होणारी नोंद, गेली कुठे? एवढी वर्षं मी काही केलंच नाही असं ते पान सांगतंय. रडू आलं.

भाकरी:
ताई, क्लेम कुणाच्या नावावर आहे? पैसे कुठल्या खात्यात येतात ते सोडा, फॉर्मवर नाव कुणाचं?

वरदा_लेस्टर:
ह्यांचं. माझे सिझेरियनचे टाके ओले होते, फॉर्म त्यांनीच भरला.

कृष्णाकाठ:
वरदाताई, तिथेच अडलंय, आणि ते सुटतं. माझीही तीन वर्षं अशीच गेली होती.

मूल बारा वर्षांचं होईपर्यंत क्रेडिट मिळतं, पण ज्याच्या नावावर क्लेम त्याला. तुमच्या यजमानांचं वर्ष पगारातून आधीच भरलेलं, त्यांना त्या क्रेडिटचा काडीचा उपयोग नाही. ते तुमच्या नावावर वळवायला सीएफ४११ए नावाचा फॉर्म आहे. मी तो भरला, आणि एके दिवशी त्याच अपूर्ण वर्षाखाली ‘क्रेडिट : ५२ आठवडे’ अशी ओळ दिसली. स्वयंपाक तसाच टाकून नवऱ्याला फोन केला होता. यापुढचा क्लेमही तुमच्या नावावर करून घ्या.

तोवर राहिलेली वर्षं भरून काढायचे ऐच्छिक हप्ते भरू नका. २०२५-२६ च्या दराने आठवड्याला १७.७५ म्हणजे वर्षाचे ९२३ पौंड. जे हक्काने मिळणार आहे त्यासाठी खिशातून का घालायचे?

आता नोकऱ्या. २०२५-२६ मध्ये एकाच मालकाकडे आठवड्याला १२५ पौंड मिळाले तरच वर्ष पेन्शनसाठी धरलं जातं. तुमचे ९० आणि ८५ मिळून १७५ होतात, पण दोन मालकांचे पगार एकत्र धरत नाहीत. हा नियम मला फार अन्यायाचा वाटतो. असे तुकड्या-तुकड्यांनी काम बायकाच जास्त करतात. लेक बाराची होईपर्यंत क्रेडिट आहे, त्याआधी एका ठिकाणचे तास वाढवून घ्या. युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्न असलेल्यांचा सरकारी भत्ता) घेणाऱ्यांची नोंद आपोआप होते, त्यांना फॉर्म लागत नाही.

भाकरी:
यातच एक भर. माझी आई ६३ वर्षांची, इथेच स्थायिक. तिची नऊ वर्षं भरली होती आणि पेन्शनला किमान दहा लागतात. मी कामावर जायचे, नातू ती सांभाळायची. माझं वर्ष पगाराने भरलेलं, म्हणून माझं क्रेडिट तिला देता आलं. फॉर्म सीए९१७६, दोघींच्या सह्या. वर्ष एप्रिलात संपलं तरी अर्ज ३१ ऑक्टोबरपासूनच घेतात. मात्र व्हिजिटर व्हिसावर सहा महिने आलेल्या आजीला हे मिळत नाही.

वरदा_लेस्टर:
कृष्णाकाठताई, भाकरीताई, दोघींचे मनापासून आभार. फॉर्म लायब्ररीत छापून आणला. पाचही वर्षांच्या तारखा लिहून झाल्यात, ६ एप्रिल ते ५ एप्रिल. हे सातला घरी येतील, आजच सही घेते.