ओटीपोटातल्या शिरा फुगल्यात, कॉइल बसवून घेतलंय का कुणी? (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. मी राजारामपुरीत राहते, वय ३८, दोन बाळंतपणं झालीत. दोन वर्षं ओटीपोटात जड, ओढल्यासारखं दुखतंय. सकाळी बरी असते, पण दिवसभर दुकानात उभं राहिलं की संध्याकाळी जीव नकोसा होतो. आडवं पडलं की उतरतं. एका ठिकाणी 'गॅस आहे, टेन्शन घेऊ नका' म्हणून परत पाठवलं. सासूबाईंचं तर ठरलेलं, बायकांना असतंच!

आता डॉपलर सोनोग्राफीमध्ये कळलं, अंडाशयाच्या शिरा फुगल्यात. पायाला होतात तसल्या व्हेरिकोज व्हेन्सच, फक्त आत. शिरेतल्या झडपा नीट मिटत नाहीत, रक्त उलटं खाली साचतं. डॉक्टरांनी एम्बोलायझेशन सुचवलंय: मानेतल्या नाहीतर जांघेतल्या शिरेतून बारीक नळी घालून कॉइलने (धातूच्या बारीक स्प्रिंगने) ती शीर बंद करायची. पोट फाडायचं नाही, बहुतेकदा त्याच दिवशी घरी. गर्भपिशवी काढायची नाही हे ऐकूनच निम्मं दुखणं पळालं.

कोल्हापुरात हे करणारे इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट आहेत का, की पुणं गाठावं लागेल? खर्च किती आला, मेडिक्लेम मिळाला का? आणि मुख्य म्हणजे, दुखणं किती दिवसांनी कमी झालं? स्वतः करून घेतलेल्या ताईंनी जरूर सांगा.