मदत हवी आहे: मसाल्याच्या गिरणीसाठी संकेतस्थळ आधी करावे की हिशेबाची घडी आधी बसवावी?

महालातला गिरणीवाला

नमस्कार. नागपुरात महाल भागात आमची मसाल्याची गिरणी आहे. वडिलांनी ती एका कांडप यंत्रावर सुरू केली. आज दोन पल्व्हरायझर (बारीक दळणारी यंत्रे), भाजणीची एक भट्टी आणि पॅकिंगला तीन ताई एवढा पसारा आहे. तिखट, हळद, धणेपूड आणि सावजी पद्धतीचा काळा मसाला आम्ही करतो. वर्षाची विक्री सुमारे ७० लाख रुपये असून त्यातील ४५ लाख, कर वेगळा धरून, कच्च्या मालात जातात. मिरची बहुतांशी कळमन्याच्या व्यापाऱ्यांकडून पक्क्या बिलावर घेतो. ही खरेदी फेब्रुवारी ते एप्रिल या तीन महिन्यांत उरकून माल शीतगृहात ठेवावा लागतो आणि तोच वर्षभर दळायचा असतो, त्यामुळे उन्हाळा आला की बँकेची कॅश क्रेडिटची (धंद्यासाठी हवे तेव्हा उचलायच्या कर्जाची) मर्यादा काठोकाठ भरलेली असते.

आमचे गिऱ्हाईक तीन प्रकारचे आहे. दुकानात येऊन रोख किंवा यूपीआयने घेणारे घरगुती गिऱ्हाईक निम्म्याच्या आसपास. त्यानंतर बारा भोजनालये, जी सगळी उधारीवर चालतात आणि तीन-तीन महिने पैसे देत नाहीत. आजमितीस त्यांच्याकडे सुमारे ७ लाख अडकले आहेत. उरलेली मागणी बाहेरगावची आहे. त्यात पुण्यात नोकरीला गेलेली आपली मुले आहेत, तशीच मध्य प्रदेशातल्या सौंसर, छिंदवाडा, बालाघाट इकडची मंडळीही आहेत, कारण तिकडच्या लोकांना नागपूर हीच जवळची मोठी बाजारपेठ. दुकानात येणे जमले नाही तर ते फोन करतात आणि आम्ही पार्सल बसने पाठवून देतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. एका कंपनीच्या प्रतिनिधीने संकेतस्थळ, मोबाइल अ‍ॅप आणि वर्षभराची जाहिरात असा १ लाख ७५ हजारांचा प्रस्ताव दिला आहे. मुलाचा आग्रह आहे की हे करावेच. माझे मन मात्र धजत नाही, कारण चार वर्षांपूर्वी अशाच एका व्यावसायिकाला आम्ही २२ हजार रुपये दिले होते. त्याने संकेतस्थळाचे नाव स्वतःच्या नावावर घेतले, पुढे फोन उचलणे बंद केले आणि आज ते पान उघडतही नाही. गुगलच्या नकाशावरची आमची नोंदही त्याच्याच ईमेलवरून केलेली निघाली. दिवाळीत एका बाईंनी दुकानात येऊन ‘तुम्ही फोनच उचलत नाही’ असे सुनावले, तेव्हा कळले की नकाशावर आमच्या नावापुढे क्रमांक त्याचाच आहे.

दुसरी अडचण कराची. आम्ही जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (लहान धंद्यांनी विक्रीवर ठरावीक टक्का कर भरायचा, खरेदीवरचा कर वजा मिळत नाही) आहोत. आमचे हिशेबनीस म्हणतात की ती सोडली तर कर वाढेल; कुणी म्हणते की त्या योजनेत राहून ऑनलाइन विक्री करताच येत नाही. यातले खरे काय, आणि हाती असलेल्या थोड्या पैशांतून आधी काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. मोबाइल मला चालवता येतो. संगणकावर मुलगा बसतो.

पाउचवाला, गांधीबाग

आपण पॅकिंगचा माल कुणाकडून घेता ते माहीत नाही, पण माझ्याकडे आपल्यासारखेच बरेच मसालेवाले येतात आणि त्यांच्यातले निम्मे एकच चूक करतात, म्हणून विचारतो: किलोचा खर्च काढताना आपण घट धरता का? देठ, कचरा, सुकताना गेलेला ओलावा आणि यंत्राभोवती उडालेली पूड हे सगळे वजन विकत घेतलेल्या मिरचीतूनच जाते. एकदा १०० किलो मिरची मोजून टाका आणि निघालेले तिखट मोजा. तो आकडा हाती येईपर्यंत कोणत्याही अ‍ॅपवर रुपयाही घालू नये असे माझे मत आहे, कारण तोट्याचा माल जास्त लोकांपर्यंत पोचवून तोटाच वाढतो.

करसल्लागार, धंतोली

आपल्या प्रश्नात तंत्रज्ञानापेक्षा कराचा भाग आधी सोडवावा लागेल, कारण संकेतस्थळ कुणाला विकू शकेल हे त्यावर ठरते.

कंपोझिशनमधील व्यापाऱ्याला राज्याबाहेर मालाचा पुरवठा करता येत नाही. ऑनलाइन विक्रीला मात्र सरसकट बंदी नाही: १ ऑक्टोबर २०२३ पासून कंपोझिशनवाल्यांनाही ई-कॉमर्स मंचावरून माल विकता येतो, परंतु राज्याच्या आतच. म्हणजे आपण पुण्याला पाठवलेली पार्सले योग्य आहेत, आणि छिंदवाड्याला बसने गेलेली मात्र सरळ आंतरराज्य पुरवठा आहेत. हे थांबवा, कारण अशा एका पार्सलावरून योजनेची पात्रताच जाऊ शकते. छिंदवाड्याचे गिऱ्हाईक स्वतः दुकानात येऊन माल नेत असेल तर गोष्ट वेगळी. तिथेही एक बारकावा आहे: घेणारा नोंदणीकृत नसेल आणि बिलावर त्याचा पत्ता किंवा नुसते राज्याचे नाव लिहिले असेल, तर १ ऑक्टोबर २०२३ पासूनच्या नियमाने तेच राज्य पुरवठ्याचे ठिकाण (म्हणजे माल जिथे विकला असे कायदा मानतो ते) धरले जाते, पत्ता लिहिलेला नसेल तर विक्रेत्याचे ठिकाण धरतात. गल्ल्यावरचा मुलगा सवयीने ‘मध्य प्रदेश’ लिहीत असेल तर त्याला हे समजावून सांगा.

आता ‘कर वाढेल’ या भीतीविषयी. आपल्याच आकड्यांवर मांडून पाहू. ४५ लाखांच्या मालावर ५ टक्क्यांनी २ लाख २५ हजार कर आपण व्यापाऱ्यांना देता. पाउचचा खर्च आपण लिहिलेला नाही. तो अडीच लाख धरला तर त्यावर १८ टक्क्यांनी ४५ हजार. कंपोझिशनमध्ये यातला एक रुपयाही वजा मिळत नाही आणि वर ७० लाखांवर १ टक्का म्हणजे ७० हजार भरावे लागतात. सगळे मिळून ३ लाख ४० हजार झाले. नियमित पद्धतीत आपण दुकानातले भाव आजचेच ठेवले, म्हणजे ७० लाखांतच कर आला असे मानले, तर विक्रीवरचा कर सुमारे ३ लाख ३३ हजार होतो, त्यातून खरेदीवरचे २ लाख ७० हजार वजा जातात आणि हातून भरायचे राहतात ६३ हजार. फरक जेमतेम ७ हजारांचा, आणि तोही कंपोझिशनच्या विरुद्ध. मिरची आपण थेट शेतकऱ्याकडून घेत असता तर खरेदीवर करच नसल्याने हे गणित उलटले असते. पक्क्या बिलाची खरेदी हेच आपल्या बाबतीत कळीचे आहे. हिशेबनीसांना भीती बहुधा विवरणपत्रांच्या कामाची असावी. आपल्या उलाढालीला विवरण तिमाही भरता येते, कर मात्र दरमहा चलनाने भरावा लागतो.

योजना सोडण्याची वेळ मात्र विचारपूर्वक निवडावी. सोडण्याच्या आदल्या दिवशी शिल्लक असलेल्या मालावरचा कर परत मिळवता येतो. त्यासाठी ३० दिवसांत आयटीसी-०१ हा जीएसटीचा अर्ज भरावा लागतो, बिले वर्षाच्या आतली असावी लागतात आणि रक्कम २ लाखांच्या वर गेली तर सनदी लेखापालाचा दाखला लागतो. शीतगृह भरलेले असताना बाहेर पडलात तर हा लाभ सर्वाधिक मिळेल, रिकामे झाल्यावर पडलात तर जवळपास काहीच मिळणार नाही.

उधारीविषयी थोडेसे. आपण उत्पादक आहात, नुसते व्यापारी नव्हे, म्हणून उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याचे संरक्षण आपल्याला मिळते: लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे, आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागते. नोंदणीला शुल्क नाही. भोजनालयवाल्यावर लगेच दावा लावा असे मी म्हणणार नाही, कारण तुमचे-त्यांचे रोजचे संबंध आहेत. पण पुढच्या बिलावर ही मुदत छापून द्यायला हरकत नाही.

संगणकवाला, परसोडी

वरील प्रतिसाद वाचल्यावर १ लाख ७५ हजारांचा प्रश्न निकालात निघाला असे मला वाटते. आजच्या स्थितीत ते संकेतस्थळ छिंदवाड्याच्या माणसाला मालाचे चित्र दाखवू शकले असते, विकू मात्र शकले नसते. अ‍ॅपचा तर विचारही करू नका. वर्षातून दोनदा काळा मसाला घेणारी गृहिणी त्यासाठी फोनमध्ये जागा अडवून ठेवणार नाही.

जुन्या गोष्टी आधी ताब्यात घ्या. नकाशावरच्या नोंदीसाठी गुगलमध्येच मालकी हक्काची विनंती करण्याची सोय आहे; सध्याच्या ताबेदाराने उत्तर दिले नाही तर दुकानाची पाटी व आतील भाग दाखवणारे चित्रीकरण मागून पडताळणी होऊ शकते. हे फुकट आहे आणि आपल्या गिऱ्हाइकांचे रोजचे फोन आत्ता भलतीकडे जात आहेत, म्हणून याच आठवड्यात करा. संकेतस्थळाच्या नावाची मुदत संपून ते मोकळे झाले असेल तर ते स्वतःच्या ईमेलने, स्वतःच्या कार्डावरून घ्या. कुणी बळकावले असेल आणि ते ‘.इन’ असेल तर अशी नावे सांभाळणाऱ्या निक्सी या संस्थेच्या नियमांनुसार लवादाकडे दाद मागता येते, पण त्याचा खर्च पाहता दुसरे नाव घेणे स्वस्त पडेल. त्याआधी मसाल्याच्या नावाची व्यापारचिन्ह नोंदणी करा. मसाले वर्ग ३० मध्ये येतात आणि व्यक्तीने किंवा लघुउद्योगाने ऑनलाइन अर्ज केल्यास सरकारी शुल्क ४,५०० रुपये आहे.

मागणी घेण्यासाठी दुकानाच्या नावावर वेगळे सिम घेऊन त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस सुरू करा. मालाची यादी भावांसह लावता येते आणि ‘पैसे आले’, ‘पाठवले’ अशा खुणा प्रत्येक गिऱ्हाइकापुढे करता येतात. ते सिम कुणा नोकराच्या नावावर घेऊ नका, हे सांगायला नको.

महालातला गिरणीवाला

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण आधी मोजायचे ठरवले होते.

१०० किलो मिरचीचे ९१ किलो तिखट निघाले. मिरची कर व हमाली धरून २२५ रुपये किलोने पडते, म्हणून मी आजवर त्यावर दळणावळीचे १८ आणि पिशवीचे ४ रुपये मिळवून भोजनालयांना २८० रुपयांनी देत होतो आणि किलोमागे ३३ रुपये सुटतात असे समजत होतो. घट धरली तर तेच तिखट मला सुमारे २६९ रुपयांना पडते, म्हणजे उरले ११. तीन महिन्यांच्या उधारीचे बँकेचे ११ टक्के व्याज लावले की त्यातले साडेसात रुपये गेले. १ टक्का कराचे २ रुपये ८० पैसे वजा केल्यावर रुपयाही पुरता उरत नाही. भोजनालये हा धंद्याचा कणा आहे असे वडील सांगत आणि मीही तसेच मानत आलो. काळ्या मसाल्यात मात्र घट धरूनही चांगले सुटते, आणि बाहेरगावचे लोक नेमका तोच मागतात.

छिंदवाड्याची पार्सले बंद केली आहेत. कंपोझिशन एप्रिलमध्ये, शीतगृह भरल्यावर सोडायचे ठरवले असून हिशेबनीसांनीही आकडे पाहून होकार दिला. नकाशावरची नोंद परत मिळाली. प्रतिनिधीला नकार कळवला. मुलगा दोन दिवस रुसला होता, आता यादीसाठी मसाल्याची छायाचित्रे तोच काढतो.

परवा सर्वांत मोठ्या थकबाकीदाराकडे गेलो. माझ्या खतावणीत त्यांच्या नावावर १ लाख १८ हजार ५०० होते. त्यांनी गल्ल्याखालून तेलाचे डाग पडलेली वही काढली, तीत १ लाख १२ हजार. तासभर दोघांनी पाने जुळवली, तेव्हा माझ्याकडे साडेसहा हजारांचे एक बिल दोनदा चढलेले सापडले. त्यांनी लगेच ४० हजार दिले आणि म्हणाले, ‘भाऊ, आकडा पटत नव्हता म्हणूनच टाळत होतो.’

अजून अकरा वह्या जुळवायच्या आहेत. मोबाइलवर चालणारे, मराठीत पावती देणारे, प्रत्येक उचलीनंतर समोरच्याला बाकीचा संदेश पाठवणारे आणि पुढे नियमित जीएसटीची बिलेही काढता येतील असे कोणते सॉफ्टवेअर आपल्यापैकी कुणी प्रत्यक्ष वापरत आहे का? वापरत असाल तर इंटरनेट बंद असताना ते चालते का, आणि सोडायचे ठरवल्यास आपली सगळी नोंद एक्सेलमध्ये काढून घेता येते का, एवढे आवर्जून लिहावे.