'निष्कासमार्ग', 'हवा ओढणे' आणि 'पोकळी पडणे' : स्पीडबोटीच्या संदर्भातील शब्द

प्रश्न : स्पीडबोटींवरील मजकुराचे मराठीकरण चालू आहे. 'एक्झॉस्ट राउटिंग' बदलून धूर पंख्याच्या तुंब्यातून (प्रोपेलरच्या मधल्या पोकळ भागातून, म्हणजे हबमधून) न सोडता मागच्या फळीतून (बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीतून, म्हणजे ट्रान्सममधून) सोडला, तर बोट अधिक जोमाने पळते आणि ड्राइव्हचे तापमान उतरते, असा त्यातला आशय आहे. येथे 'धूर' हा शब्द चालेल का? शिवाय 'कॅव्हिटेशन' आणि 'व्हेंटिलेशन' या दोहोंसाठी 'पोकळी' हा एकच शब्द वापरला तर बिघडेल का?

उत्तर : 'धूर' टाळावा. या इंजिनांतून बाहेर पडते ते केवळ वायू नसते. पूर्ण भारावर चालणाऱ्या पेट्रोल इंजिनाचा निष्कासवायू 600 अंश सेल्सियसच्याही वर तापलेला असतो आणि रबरी नळ्यांना तो सोसणार नाही, म्हणून मॅनिफोल्डपुढच्या (इंजिनातून निघणारा वायू एकत्र करणाऱ्या नळीपुढच्या) वळणदार भागात, म्हणजे रायझरमध्ये, त्यात थंडाव्याचे पाणी मिसळून त्याचे तापमान 100 अंशांच्या खाली आणले जाते. 'निष्कास' हा शब्द तांत्रिक मराठीत रुळलेला असल्यामुळे 'निष्कासमार्ग' म्हणावे, आणि तो तुंब्यातून आहे की फळीतून, हे प्रत्येक ठिकाणी स्पष्ट लिहावे.

दुसऱ्या मुद्द्याबाबत मात्र माझा आग्रह आहे, कारण एकच शब्द वापरल्यास कारण आणि परिणाम यांचीच गल्लत होते. पंख्याच्या पात्याच्या पाठीवर दाब इतका घसरतो की पाण्याचीच वाफ होऊन बुडबुडे उठतात आणि ते फुटताना धातू कुरतडला जातो, ते कॅव्हिटेशन. त्याला 'पोकळी पडणे' म्हणावे. बाहेरची हवा किंवा निष्कासवायू पात्यांत शिरल्याने पंख्याची पाण्यावरची पकड सुटते, ते व्हेंटिलेशन. त्याला 'हवा ओढणे' म्हणावे. निष्कासमार्गाचा थेट संबंध या दुसऱ्याशी आहे. तुंब्यातून वायू सोडणाऱ्या बोटीत रिव्हर्स टाकला की तोच वायू पात्यांपुढे येतो आणि मागे खेचण्याचा जोर घटतो, तो याच कारणाने.

हवा ओढणे नेहमीच वाईट असते असे नाही. काही पंख्यांच्या तुंब्यावर प्रत्येक पात्यामागे मुद्दाम छिद्र ठेवलेले असते. बोट संथ असताना त्यातून थोडा वायू पात्यांवर झिरपतो, पंखा जरासा घसरतो आणि इंजिनाला ताकदीच्या फेऱ्यांपर्यंत (ज्या फिरण्याच्या वेगाला ते पुरेशी ताकद देते तिथपर्यंत) लवकर पोहोचता येते. वेग वाढला की छिद्रांवरून वाहणारे पाणी ही गळती थांबवते. निष्कास फळीतून काढला तर चढ्या फेऱ्यांवर उलटा दाब (बाहेर पडणाऱ्या वायूला होणारा अडथळा) कमी होऊन ताकद वाढू शकते, परंतु ही मदत जाते आणि सुरुवातीचा उठाव जड होऊ शकतो. म्हणून 'कामगिरी सुधारते' असे सरसकट न लिहिता कोणत्या वेगाला, ते सांगावे.

'ड्राइव्हचे तापमान' म्हणजे इंजिनाचे तापमान नव्हे. येथे फळीबाहेर लटकणाऱ्या गिअरपेटीतील तेलाचे तापमान अभिप्रेत आहे. निष्कास तिच्यातून गेला नाही तर तेवढी उष्णता टळते हे खरे, पण मूळ उष्णता दाबाखाली घासणाऱ्या गिअरांची असते आणि ती मार्ग बदलल्याने जात नाही. बोट पाण्यावर उचलून धावू लागली की ड्राइव्हचा वरचा भाग पाण्याबाहेर येतो. म्हणून अनेक जण त्यावर पाण्याची फवारणी बसवतात. त्यामुळे 'तापमान उतरते' याऐवजी 'तापमान उतरण्यास मदत होते' असे लिहिणे अधिक अचूक ठरेल.

पुरवणी प्रश्न : मग 'अँटी-कॅव्हिटेशन प्लेट'साठी 'पोकळीरोधक पट्टी' म्हणावे का?

उत्तर : नाही. पंख्याच्या वरची ती आडवी पट्टी पृष्ठभागावरची हवा खाली खेचली जाऊ नये म्हणून असते. वाफेच्या बुडबुड्यांवर तिचा इलाज नाही. इंग्रजी नाव रूढ असले तरी कामाला धरून नाही, म्हणून मराठीत 'हवारोधक पट्टी' असेच लिहावे.