पचडी की उसळ? (सोसायटी ग्रुपवरून)

जोशी काकू, बी-३०४: कोबीतली अळी मेंदूत जाते असा व्हिडिओ पुतणीने पाठवलाय. बघवत नाही. शनिवारी गणपतीच्या महाप्रसादाला कोबीची पचडी ठरलीय ना आपली?

शेखर (सेक्रेटरी): काकू, व्हिडिओ डिलीट करा, लहान मुलं पण बघतात. आणि हो, पचडी ठरलीय. कोबी सांगून झालाय.

साठे काका, ए-२०२: मीठ-हळदीच्या पाण्यात अर्धा तास ठेवायचा. आमच्या आईपासून चालत आलंय. एक जंतू उरत नाही.

रोहित, बी-५०३: मीठ नाही, खायचा सोडा घालायचा, काका. अमेरिकेत रिसर्च झालाय. आम्ही सगळंच सोड्याच्या पाण्यात घालतो.

जोशी काकू: आमची सून टोमॅटो, काकडी भांड्यांच्या लिक्विडने धुते. फेस जाता जात नाही.

मीनल, बी-१०३: काकू, ते लिक्विड आधी बंद करायला सांगा. भाजीत साबण मुरतो आणि पोटात गेला की मळमळ, जुलाब. वाहतं पाणी आणि हाताने चोळणं, बस.

मीनल: बाकी, अळ्या, फवारणीचं औषध आणि जंतू या तीन गोष्टींची इथे मिसळ झालीय. मिठाच्या पाण्याने फ्लॉवरमधल्या अळ्या बाहेर येतात, खरंय. पण पातेलंभर पाण्यात चमचाभर मीठ टाकून जंतू मरत नाहीत. लोणचं टिकायला किती मीठ लागतं ते काकूंना विचारा. रोहित, तो रिसर्च मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचा, २०१७चा. सफरचंदावरच्या दोन कीटकनाशकांवर होता. १२ ते १५ मिनिटांत वरचं औषध निघालं, सालीत मुरलेलं नाही. जंतूंचा त्यात विषयच नव्हता.

रोहित: मग व्हिनेगर?

मीनल: त्याने जंतू कमी होतात, पण कोथिंबिरीला वास राहतो. नळाखाली नीट चोळून धुतलं तरी बरेच वाहून जातात. सगळे नाही हं. पानांच्या बेचक्यात नि चिरलेल्या कडांना चिकटलेले कशानेच पूर्ण निघत नाहीत. त्यांना गॅसच पाहिजे.

साठे काका: म्हणजे आता पचडी उकडायची का?

मीनल: 😄 काका, शिजणाऱ्या भाजीचं मला टेन्शन नाही. माती जाईपर्यंत धुवा, कढईत दणदणीत वाफ येऊ द्या. भीती कच्च्याची. त्यातही कोथिंबिरीची, कारण तिच्याकडे कुणी भाजी म्हणून बघतच नाही. आमटी खळाखळा उकळायची आणि वरून जुडी आली तशी चिरून भुरभुरायची! जुडी सोडा, मुळं नि सडकी पानं काढा, मोठ्या पातेल्यात बुडवून हलवा आणि मग काड्या वर उचलून घ्या. पातेलं तिरकं करून पाणी ओतलं की तळाची माती परत त्याच पानांवर येते. पाणी बदलून दोन-तीनदा, शेवटी नळाखाली.

देसाई, ए-४०४: नळाखाली म्हणे! नळाला टँकरचं पाणी आहे सध्या. वास बघितलात का?

मीनल: देसाई, मुद्द्याचं बोललात. जानेवारी २०२५ मध्ये आपल्याच पुण्यात सिंहगड रोडवर जीबीएसचे (हातपाय लुळे पाडणाऱ्या नसांच्या आजाराचे) पेशंट निघाले, तेव्हा काहींच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला होता आणि संशय पाण्यावरच होता. टँकरच्या पाण्याने माती काढा हवी तर, पण कच्चं खायचं असेल तर शेवटचं पाणी पिण्याचं. उकळून गार केलेलं किंवा फिल्टरचं.

शेखर: टाकीत टाकतो ती ब्लीचिंग पावडर घातली तर?

मीनल: अंदाजाने अजिबात नको. एफएसएसएआयने (अन्नसुरक्षेची सरकारी संस्था) कोविडच्या वेळी ५० पीपीएम (दहा लाख भागांत ५० भाग) क्लोरीनच्या पाण्याचा पर्याय दिला होता, पण ते मोजून करायचं काम आहे. फरशीचं ब्लीच तर भाजीच्या जवळपासही नको.

जोशी काकू: आणि माझी अळी राहिलीच!

मीनल: काकू, हिरवी अळी दिसते तरी, ती मेंदूत जात नाही. मेंदूत त्रास होतो तो टेपवर्मच्या (पोटातल्या चपट्या जंताच्या) अंड्यांमुळे. ती माणसाच्या मैल्यातून शेतात, पाण्यात येतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत. एकट्या कोबीला दोष नको, गाजर-मुळाही कच्चाच खातो आपण. बाहेरची दोन-तीन पानं टाकून द्या, बाकीची सुटी करून धुवा. न धुता अख्खा गड्डा चिरला की वरचं सगळं सुरीबरोबर आत.

जोशी काकू: मग पचडीऐवजी मोडाच्या मुगाची कोशिंबीर करूया? पौष्टिक पण होईल.

मीनल: अहो, ती तर पचडीपेक्षा नाजूक! मोड यायला जी ऊब आणि ओल लागते, त्यातच जंतूही वाढतात, आणि दाण्यावरच असतील तर धुऊन जात नाहीत. २०११ मध्ये जर्मनीत ई-कोलायची मोठी साथ आली ती मेथीच्या मोडांवरून. ५०हून जास्त माणसं दगावली. मोड शिजवूनच खायचे. उसळ करा ना.

शेखर: आचारी सकाळी ११ला चिरायला बसतो, पंगत दीडला. दुसरी पंगत अडीचला. पचडी चालेल का, हो की नाही सांगा.

मीनल: टँकरचं पाणी, पावसाळी दमट हवा आणि चिरून तीन तास बाहेर? माझं मत नाही. घरी चार माणसांची करा खुशाल, धुऊन, आयत्या वेळी चिरून. फक्त चिकनच्या पाटावर नको.

रोहित: उसळीला +१

देसाई: +१. आणि टाकी कधी धुणार तेही सांगा.

शेखर: टाकी शुक्रवारी, १० ते १ पाणी बंद. आचाऱ्याशी बोललो, पचडी रद्द, मटकीची उसळ. म्हणतो पैसे वाढवून लागतील, बघतो.

साठे काका: पानात डावी बाजू एकदम मोकळी ठेवू नका रे. निदान लिंबाची फोड तरी वाढा.

शेखर: वाढू की. लिंबं धुवायला तुम्हीच या काका, शनिवारी ९ वाजता, क्लब हाऊसला.