रीडेव्हलपमेंटमध्ये उन्हाचा हिशोब कोण करतो?

कोथरूडकर: आमच्या गल्लीत चार मजली सोसायट्या पाडून बारा मजली उभ्या राहताहेत. सभेत भांडण होतं ते वाढीव कार्पेट (घराचं आतलं क्षेत्रफळ), कॉर्पस (बिल्डरने द्यायचा निधी) आणि बांधकाम चालू असतानाच्या भाड्यावरून. ऊन कुठून येणार, हे कुणी विचारत नाही. पुण्यात डिसेंबरअखेर सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवरच असतो. म्हणजे ३६ मीटर उंच इमारतीची सावली उत्तरेला ३२ मीटर पडते. एवढी जागा मध्ये सोडतो कोण? शॅडो स्टडी, म्हणजे कोणत्या वेळी सावली कुठे पडेल याचा अभ्यास, दाखवल्याशिवाय संमतीपत्रावर सही करू नये, असं माझं स्पष्ट मत.

साइटवरचा: काका, वाढीव कार्पेट फुकट हवंय ना? ते वरच्या मजल्यांच्या विक्रीतूनच येतं. २०२० च्या यूडीसीपीआरप्रमाणे, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियमावलीप्रमाणे, मार्जिन (इमारतीभोवतीची मोकळी जागा) सोडावंच लागतं. शिवाय मेच्या मध्यावर दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो. तेव्हा हीच मंडळी जाड पडदे लावून एसीच्या बिलावर रडतात!

कोथरूडकर: मेचं ऊन मागितलंय कुणी? मार्जिन उंचीवरून ठरतं, दिशेवरून नाही. टॉवर तुमच्या दक्षिणेला आला काय किंवा उत्तरेला, नियमाला सारखंच. तक्रार ती आहे.

फिजिओताई: उन्हाचा विषय निघाला की 'घरात ऊन नाही म्हणून हाडं दुखतात' असं लोक म्हणतात, ते जरा जपून. ड जीवनसत्त्वासाठी लागणारे यूव्हीबी किरण खिडकीची काच जवळजवळ सगळे अडवते. बाल्कनी काचेने बंद करून आत कितीही ऊन खाल्लंत तरी त्या बाबतीत उपयोग नाही. सकाळच्या उजेडाचं मात्र खरं आहे, झोपेचं चक्र त्यावर चालतं. आणि दमट भिंतीवरची बुरशी दमेकऱ्यांना त्रास देतेच.

पेठेतला: आता 'आमच्या वाड्यात कसं ऊन यायचं' सुरू होईल. चौकात यायचं हो. माजघरात भर दुपारी दिवा लावावा लागायचा.

साइटवरचा: बरोबर. ऊन हवं तर गच्चीवर जा की.

कर्वेनगरची सून: गच्चीला कुलूप, किल्ली सेक्रेटरींकडे, सेक्रेटरी हिंजवडीला! सासूबाई पार्किंगच्या रॅम्पवर खुर्ची टाकून बसतात. वॉचमनशी गप्पा होतात तेवढ्याच.

साइटवरचा: शॅडो स्टडी मागा, आर्किटेक्टला ते अवघड नाही. पण त्यात दुसऱ्या मजल्यावर ऊन नाही असं दिसलं, तर तो फ्लॅट कोण घेणार, हे आधी सभेत ठरवा. तिथे प्रत्येकाला वरचाच मजला हवा असतो.